छोट्या गावातली पंथीय हिंसा: नागपुरात बसून उत्तर आयर्लंडचा अभ्यास कसा करायचा?

प्रश्न: एमएसडब्ल्यूच्या शेवटच्या वर्षाला आहे, नागपुरात. लघुप्रबंधाचा विषय मिळाला आहे 'पंथीय निमलष्करी हिंसेचे लहान गावावरील परिणाम', उदाहरण उत्तर आयर्लंडचं. तिकडे जाणं शक्य नाही. हातात चार महिने आहेत आणि गाइडना आकडे हवे आहेत. काय मोजायचं, कुठून मोजायचं आणि कुठे फसायला होतं?

उत्तर:

आधी शीर्षक दुरुस्त करा, पहिली चूक तिथेच आहे. आपल्याकडे 'निमलष्करी दल' म्हणजे सरकारी जवान. हिंगणा रोडवर कुणालाही विचारा, तो सीआरपीएफच्या नाहीतर एसआरपीच्या गेटकडे बोट दाखवेल. उत्तर आयर्लंडमध्ये पॅरामिलिटरी म्हणजे नेमकं उलट: सरकारच्या बाहेरच्या, बहुतांशी बंदी असलेल्या, पण ब्रिगेड-बटालियन-हुद्दे अशी लष्करी थाटाची रचना असलेल्या संघटना. मराठीत 'खासगी सशस्त्र संघटना' म्हणा, आणि पहिल्याच पानावर एका वाक्यात कारण द्या. नाहीतर वाचणारा अख्खा प्रबंध सरकारी जवानांनी केलेल्या अत्याचाराबद्दल आहे असं समजून वाचेल. तिकडे ब्रिटिश लष्कराकडून आणि पोलिसांकडूनही माणसं मारली गेली, ढोबळमानाने एकूण मृत्यूंच्या दहा टक्के. तो हिशेब वेगळा ठेवावा लागतो. रिपब्लिकन संघटनांकडे साधारण साठ टक्के आणि लॉयलिस्टांकडे तीस टक्के मृत्यू जातात (या दोन बाजू कोणत्या, ते लगेच येतंच).

'रिपब्लिकन' हा दुसरा खड्डा, आणि तो खास नागपूरचा. आपल्या डोळ्यांसमोर निळा झेंडा येतो. तिथे रिपब्लिकन म्हणजे ब्रिटिश सत्ता जाऊन आयर्लंड एक व्हावा यासाठी बंदुकीचाही मार्ग मान्य असलेले, बहुतांश कॅथलिक. त्यांच्या संघटना म्हणजे प्रोव्हिजनल आयआरए (1969 च्या फुटीतून; पुढे नुसतं आयआरए म्हटलं की हीच), आयएनएलए (1974) आणि पुढे रिअल आयआरए (1997). समोरची बाजू लॉयलिस्ट, म्हणजे ब्रिटनशी निष्ठा सांगणारे, बहुतांश प्रोटेस्टंट: यूव्हीएफ (1966) आणि यूडीए (1971). 'सेक्टेरियन'साठी 'जातीय' हा शब्द वापरू नका. आपले पेपर हिंदू-मुस्लिम दंगलीलाही 'जातीय दंगल' म्हणतात, त्यात आणखी एक घोळ नको. 'पंथीय' चालेल, पण भांडण देवाधर्माचं नव्हतं हे लगेच सांगा. मेरी मातेची पूजा करावी की नाही यावरून कुणी कुणाला गोळी घातली नाही. पंथ ही माणूस कोणत्या देशाचा ते ओळखण्याची खूण होती.

ती ओळख पटवायची रीत आपल्याला परकी वाटू नये. नाव-आडनाव, कोणत्या शाळेत गेलात, एकाच शहराला 'डेरी' म्हणता की 'लंडनडेरी', इतकंच काय इंग्रजी वर्णमालेतलं आठवं अक्षर 'एच' म्हणता की 'हेच', एवढ्यावरून दोन मिनिटांत समोरचा कोण ते कळतं. आपल्याकडे 'पूर्ण नाव काय?', मग 'मूळ गाव कोणतं?' असं विचारत जातो, तसंच. फरक एवढाच की 1970 च्या दशकात रात्री रस्त्यात गाडी अडवली गेली तर उत्तर चुकणं जिवावर बेतायचं.

आता कामाचं. मृतांचा आकडा तुम्हाला पहिल्याच दिवशी मिळेल. 1969 ते 1998 या काळात साडेतीन हजारांवर मृत्यू, तेही जेमतेम पंधरा लाखांच्या प्रदेशात. नागपूर शहराच्या 2011 च्या सुमारे 24 लाख लोकसंख्येला तोच दर लावला तर साडेपाच हजारांच्या वर जातो. प्रस्तावनेत हा हिशेब द्या, गाइडना आवडेल. पण गावाचा अभ्यास त्यातून होत नाही. बेलफास्टसारखं शहर दोन वस्त्यांमध्ये भिंत बांधू शकतं, 1969 पासून बांधलीच. वीस हजारांच्या गावात भिंत घालायला जागाच नसते. एकच बाजाररस्ता, एकच सरकारी दवाखाना, एकच बसस्टँड. म्हणून तिथे लोक वेगळे होतात ते सवयींमध्ये: कुठल्या दुकानात जायचं, कोणत्या वेळी जायचं, कुणासमोर काय बोलायचं नाही. मोजायचं आहे ते हे.

मारेकरी आणि मेलेल्याचे नातेवाईक दोघंही गावातच राहतात, ही दुसरी गोष्ट. मार्च 2025 मध्ये आपल्या महाल-हंसापुरीत झालं ती जमावाची दंगल होती. संचारबंदी लागली आणि आठवड्याभरात उठली. सशस्त्र संघटनेचा धाक तसा उठत नाही. वर्षभर एकही गोळी सुटली नाही तरी तो बाजारात असतोच. दोन्ही एका कोष्टकात घालायचा मोह टाळा. गडचिरोलीशी तुलनाही जपून करा. जमेल ती एकाच मुद्द्यावर, खबऱ्या असल्याच्या संशयावर. आयआरएनेही खबरी ठरवून माणसं मारली, काहींची प्रेतं गुपचूप पुरली. अशा 'बेपत्तां'ची अधिकृत यादी 17 जणांची आणि ते शोधायला 1999 पासून स्वतंत्र आयोग आहे.

पहिले दोन आठवडे फक्त नोंदवही करा. अल्स्टर विद्यापीठाचा 'केन' नावाचा संग्रह इंटरनेटवर फुकट आहे, त्यात प्रत्येक मृत्यूची तारीख, नाव, वय, पंथ, मारणारी संघटना असं सगळं आहे. एक्सेलमध्ये रकाने करा: तारीख, वेळ, घटनेची जागा, मृताचं राहतं गाव, वय, व्यवसाय, त्या क्षणी काय करत होता, कुणी मारलं, कुणी जबाबदारी घेतली, खटल्याचं काय झालं. वीस हजारांच्या गावाला शेकड्याच्या आतच ओळी होतील, हाताने भरता येतात.

घटनेची जागा आणि राहतं गाव हे दोन वेगळे रकाने का, ते बेसब्रुकवरून कळेल. आर्मा परगण्याच्या दक्षिणेतलं तीन हजारांच्या आतलं गिरणी-गाव. 1840 च्या दशकात एका क्वेकर (शांततावादी ख्रिस्ती पंथातल्या) कुटुंबाने लिननच्या गिरणीसाठी वसवलेलं. दारूचा गुत्ता नाही, गहाणवटीचं दुकान नाही, त्यामुळे पोलीसठाणंही नको, अशी त्याची ख्याती. (एम्प्रेस मिल पाहिलेल्या नागपूरकराला गिरणीभोवतीचं गाव समजावून सांगायला नको.) 5 जानेवारी 1976 च्या संध्याकाळी कापड कामगारांची मिनीबस ग्लेनॅनहून बेसब्रुकला परतत होती. किंग्जमिलजवळ हत्यारबंद लोकांनी ती अडवली आणि 'कॅथलिक कोण?' असं विचारलं. बसमध्ये तेव्हा एकच कॅथलिक उरला होता. बाकीच्यांना वाटलं, हे लॉयलिस्ट आहेत आणि त्यालाच मारायला आलेत. बाजूच्या सहकाऱ्यांनी त्याला गप्प राहण्याची खूण केली. झालं उलटं. त्याला पळायला सांगितलं आणि उरलेल्या अकरा जणांवर गोळ्या झाडल्या. दहा मेले, एक जण 18 गोळ्या लागूनही वाचला. आदल्या दिवशी त्याच भागात लॉयलिस्टांनी दोन कुटुंबांतले पाच कॅथलिक मारले होते, सहावा त्या गोळ्यांनी महिन्याअखेर गेला.

आता केनमध्ये घटनेच्या जागेने शोधलं तर हे मृत्यू बेसब्रुकच्या नावावर येणारच नाहीत, कारण घटना गावाबाहेरच्या रस्त्यावर घडली. मृत बहुतेक बेसब्रुकचे. धक्का बसला तो गावाला आणि तुमच्या तक्त्यात शून्य. उलट बाजूची चूक ओमामध्ये होते. (स्पेलिंगच्या शेवटी 'जीएच' आहे, उच्चार ओमा. प्रबंधात 'ओमाघ' लिहू नका.) 15 ऑगस्ट 1998 च्या रिअल आयआरएच्या स्फोटात 29 जण गेले, पण त्यात सीमेपलीकडच्या, म्हणजे आयर्लंड प्रजासत्ताकातल्या बंक्रॅनाची शाळकरी मुलं होती, स्पेनहून आलेले दोघं होते. ओमाच्या लोकसंख्येने 29 ला भागलं की येणारा दर ओमाचाही नसतो आणि बंक्रॅनाचाही.

आकडासुद्धा 29 की 31, हे ठरवावं लागतं. मृतांमध्ये जुळ्यांची गर्भवती आई होती. गावातल्या स्मारकबागेत 31 आरसे आहेत आणि त्यांचा परावर्तित प्रकाश स्फोटाच्या जागी उभारलेल्या काचेच्या स्तंभातल्या हृदयावर पडतो. सरकारी कागद 29 म्हणतो. नोंदवहीत 29 ठेवा, तळटीपेत बाकीचं सांगा, पण दोन प्रकरणांत दोन आकडे येऊ देऊ नका.

'कुणी जबाबदारी घेतली' हा रकाना वेगळा ठेवायचं कारण म्हणजे टोपणनावं. किंग्जमिलची जबाबदारी 'साउथ आर्मा रिपब्लिकन ॲक्शन फोर्स' असल्या नावाने घेतली गेली, कारण आयआरए कागदोपत्री युद्धविरामावर होती. एप्रिल 2024 मध्ये कॉरोनरने (मृत्यूचं कारण तपासणाऱ्या न्यायाधिकाऱ्याने) तो आयआरएने केलेला उघड पंथीय हल्ला असल्याचा निष्कर्ष दिला. दुसऱ्या बाजूला यूडीए स्वतःच्या नावाने खून करतच नव्हती, 'यूएफएफ' या नावाने करायची. त्यामुळे हजारो सदस्यांची ही संघटना ऑगस्ट 1992 पर्यंत कायदेशीर राहिली. ग्रेस्टील गावातल्या बारमधला 30 ऑक्टोबर 1993 चा गोळीबार, ज्यात आठ जण गेले, तोही यूएफएफच्याच नावावर. मेलेल्यांत दोन प्रोटेस्टंट होते. नावावरून संघटना ठरवायला गेलात तर निम्मा तक्ता चुकेल.

स्फोट नेमका कसा घडला याकडे समाजकार्याचे विद्यार्थी फारसे बघत नाहीत, तो पोलिसांचा विषय वाटतो. पण छोटं गाव जास्त का भरडलं जातं ते तिथेच दिसतं. ओमाची लोकसंख्या तेव्हा वीसेक हजार, म्हणजे आपल्या रामटेकएवढी. शनिवार, दुपार, शाळा उघडायच्या आधीची गणवेश-दप्तरांची खरेदी. स्फोटाआधी चाळीसेक मिनिटं फोनवरून इशारे आले, त्यात ठरलेला सांकेतिक शब्दही होता. पण जागा सांगितली ती कोर्टाची इमारत आणि 'मेन स्ट्रीट' अशी. ओमामध्ये मेन स्ट्रीट नावाचा रस्ताच नाही. कोर्टापासून उतरणारा हाय स्ट्रीट आणि पुढे तोच मार्केट स्ट्रीट. पोलिसांनी कोर्टाजवळची गर्दी उताराने मार्केट स्ट्रीटकडे हलवली. गाडी उभी होती मार्केट स्ट्रीटवर, कोर्टापासून साधारण साडेतीनशे-चारशे मीटरवर. 3 वाजून 10 मिनिटांनी स्फोट झाला. मोठ्या शहरात गर्दी हटवायला चार दिशा असतात. इथे एक रस्ता, त्याची दोन टोकं.

क्लॉडी तर त्याहून लहान, खेडंच. 31 जुलै 1972 रोजी तीन गाड्यांत स्फोट, नऊ मृत्यू, त्यात दुकानाच्या काचा पुसणारी एक लहान मुलगी. बॉम्ब ठेवणाऱ्यांना डन्गिव्हनहून इशाऱ्याचा फोन करायचा होता, पण तिथले फोन बंद, कारण टेलिफोन एक्स्चेंज आधीच्याच एका बॉम्बने उडवलेलं! निरोप शेवटी दुकानातल्या माणसांकरवी पोलिसांकडे गेला तोवर उशीर झाला होता. गावात प्रत्येक सोय एकेकच असते, ती एकदा मोडली की पुढच्या हल्ल्यात तिची किंमत पुन्हा मोजावी लागते. ओमाच्या छोट्या जिल्हा रुग्णालयात जखमी बसमध्ये भरून आणले गेले आणि तिथून हेलिकॉप्टरने एनिस्किलन, डेरी, बेलफास्टला पाठवावे लागले. नातेवाईक बातमीसाठी थांबले ते गावच्या क्रीडासंकुलात. तुमच्या गावासाठी अशी एकेकट्या सोयींची यादी नकाशावर मांडा. तुमचं एक अख्खं प्रकरण तिथेच उभं राहतं.

आता सवयींकडे येऊ. गावातल्या एकाच माणसाच्या दोन-तीन भूमिका असतात हे धरून चला. 1970 साली स्थापन झालेली अल्स्टर डिफेन्स रेजिमेंट ही ब्रिटिश लष्कराचीच पलटण, पण तिच्यात स्थानिक माणसं अर्धवेळ असायची. दिवसा पोस्टमन, बसचालक, शेतकरी, संध्याकाळी वर्दी. 1992 पर्यंत तिचे जवळपास दोनशे सैनिक मारले गेले, त्यातले बहुसंख्य ड्यूटीवर नसताना: गोठ्यात, गाडी सुरू करताना, टपाल वाटताना. आयआरएच्या हिशेबी तो सैनिक. शेजाऱ्यांच्या लेखी मात्र एक प्रोटेस्टंट शेतकरी मारला गेला आणि तो आज बाहेर किती वाजता जातो हे कुणीतरी जवळच्यानेच सांगितलं असणार. गावाच्या संशयाचं मूळ इथे आहे. एखाद्या हल्ल्याला 'लष्करी' म्हणायचं की 'पंथीय', हा वाद तुम्हाला सोडवता येणार नाही. दोन्ही वाचनं लिहा.

या सावधगिरीच्या खुणा घराघरांत दिसतात. पोलिसांच्या घरी हिरवा शर्ट बाहेर दोरीवर वाळत घालत नसत, आत चुलीजवळ वाळवत. सकाळी गाडीला हात लावण्याआधी वाकून खाली बघायचं. शाळेत 'बाबा काय करतात?' विचारलं तर मुलाने 'सरकारी नोकरी' म्हणायचं. गावच्या मध्यवर्ती भागात 'कंट्रोल झोन'ची पाटी: तिथे रिकामी गाडी उभी करायची नाही, कुणीतरी आत बसलेलंच हवं. त्यामुळे आजीला किंवा पोराला गाडीत बसवून आई दुकानात जायची. ही माहिती आठवणींच्या मुलाखतींत विखुरलेली आहे. वेगळ्या वहीत 'घर, गाडी, शाळा, बाजार' अशा चार मथळ्यांखाली उतरवत जा. एका गावासाठी चाळीस-पन्नास नोंदी झाल्या की नमुना दिसायला लागतो.

बाजाराचं मोजमाप त्यामानाने सोपं आहे आणि तिथे तुम्हाला गाइडना हवे ते आकडे मिळतील. छोट्या गावांत बहुधा दोन साप्ताहिकं निघतात, एक एका बाजूचं, दुसरं दुसऱ्या. ओमात 'अल्स्टर हेरल्ड' नॅशनलिस्टांचं (एक आयर्लंड हवा असलेल्यांचं, बहुतांश कॅथलिक) आणि 'टिरोन कॉन्स्टिट्यूशन' युनियनिस्टांचं (ब्रिटनसोबत राहू पाहणाऱ्यांचं, बहुतांश प्रोटेस्टंट). एनिस्किलनला 'फर्मॅना हेरल्ड' आणि 'इम्पार्शल रिपोर्टर'. मोठ्या घटनेच्या आधीचे आणि नंतरचे सव्वीस-सव्वीस अंक घ्या आणि बातम्या सोडून जाहिराती मोजा. कोणतं दुकान दोन्हीकडे जाहिरात देत होतं आणि नंतर एकाकडेच देऊ लागलं? श्रद्धांजलीच्या चौकटीत कोणत्या बाजूच्या संस्थांची नावं येतात? जुने अंक सशुल्क संकेतस्थळांवर मिळतात. एका महिन्याची वर्गणी भरा, आधी तारखा ठरवून ठेवा, म्हणजे दुसरा महिना भरावा लागणार नाही. एकाच पेपरवर थांबलात तर तुमचं गाव निम्मंच राहील.

बहिष्काराचं वर्ष पाहायचं असेल तर 1996 घ्या. पोर्टाडाउनच्या ड्रमक्री इथल्या प्रोटेस्टंटांच्या मिरवणुकीवरून जुलैत ताण शिगेला गेला, आणि त्यानंतर टिरोन-फर्मॅना परगण्यांतल्या छोट्या गावांत कॅथलिक गिऱ्हाइकांनी कित्येक प्रोटेस्टंट दुकानांकडे पाठ फिरवली. (बॉयकॉट हा शब्दही आयर्लंडचाच, 1880 च्या मेयो परगण्यातल्या कॅप्टन बॉयकॉटवरून.) यात रक्त सांडत नाही, म्हणून मृतांच्या तक्त्यात त्याची नोंद शून्य. पण वीस हजारांच्या गावात दोनशे घरांनी किराणा बदलला की एक दुकान बसतं. दोन वर्षांनी, 12 जुलै 1998 च्या पहाटे, त्याच मिरवणुकीच्या तणावात बॅलिमनी या गावी पेट्रोल बॉम्बने तीन लहान भाऊ जळून गेले.

नुकसानभरपाईचे कागद वापरायचे तर नियम माहीत हवेत. 1977 च्या आदेशानुसार बॉम्बने मोडलेल्या मालमत्तेची भरपाई सरकार देतं, पण दावा करणार असल्याची सूचना दहा दिवसांत द्यावी लागते, आणि बहुतेक प्रकरणांत हे बंदी असलेल्या संघटनेचं कृत्य होतं असा पोलीस प्रमुखाचा दाखला लागतो. त्यामुळे भरपाईच्या आकड्यांत धमकीचं नुकसान येत नाही, नुसता धाक बसून दुकान बंद केलेल्याला दाखला मिळत नाही. आकडे कमी दिसले म्हणून परिणाम कमी असं लिहू नका.

घरांच्या बाबतीत उलटा धोका, आकडे फुगण्याचा. 1971 साली स्थापन झालेल्या हाउसिंग एक्झिक्युटिव्हकडे (सरकारी घरं वाटणारी संस्था) धमकीमुळे बेघर झालेल्याला प्रतीक्षा यादीत 200 गुण मिळत, म्हणजे थेट वर. नियम माणुसकीचा, पण ज्यांनी धमकी द्यायची त्याच संघटना कधी कुणाच्या सोयीसाठीही धमकी 'पुरवू' शकतात, अशी टीका वर्षानुवर्षं होत राहिली. स्थलांतराचा आकडा घेताना तो कोणत्या दाखल्यावर उभा आहे ते लिहा.

जनगणनेचा आधार घ्याल तेव्हा 1971 आणि 1981 चे धर्माचे आकडे जपून वापरा. दोन्ही वेळा अनेक कॅथलिकांनी रकाना भरला नाही किंवा अर्जच दिला नाही, आणि एप्रिल 1981 मध्ये डेरीत अर्ज गोळा करणाऱ्या एका तरुणीला गोळी घालून मारलं गेलं. या दोन वर्षांची तुलना करून 'गावातले कॅथलिक घटले' असा निष्कर्ष काढलेले प्रबंध पाहायला मिळतात. गाव बदललं नसतं, अर्ज भरणारे घटलेले असतात.

10 एप्रिल 1998 च्या शांतता करारानंतर परिणाम संपला असं धरणं ही सर्वांत मोठी चूक. करारानुसार दोन वर्षांत चारशेहून जास्त कैदी सुटले. मोठ्या शहरात ते विरून जातात. गावात मात्र ज्याने नवरा मारला तो औषधाच्या दुकानात रांगेत पुढे उभा असतो. ओमाच्या बाबतीत तर खुनासाठी कुणालाच शिक्षा टिकली नाही. कुटुंबांनी दिवाणी दावा लावला, 2009 मध्ये चार जणांना जबाबदार धरलं गेलं, आणि सार्वजनिक चौकशीची सुनावणी सुरू झाली ती जानेवारी 2025 मध्ये. क्लॉडीच्या प्रकरणात एक कॅथलिक धर्मगुरू संशयित होता आणि मंत्री व कार्डिनल यांच्या बोलण्यानंतर त्याची सीमेपलीकडे बदली झाली, हे पोलीस ओम्बुड्समनने (पोलिसांविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याने) 2010 मध्ये जाहीर केलं. 38 वर्षं गाव अंदाजावर जगलं. तुमचा कालपट 1998 ला तोडू नका, किमान 2022 पर्यंत न्या.

2022 का, तर एनिस्किलन. 8 नोव्हेंबर 1987 रोजी युद्धस्मारकापाशी मृत सैनिकांना मानवंदना द्यायला लोक जमले होते, मागच्या इमारतीतला आयआरएचा बॉम्ब फुटला आणि भिंत लोकांवर आली. अकरा गेले, बारावा तेरा वर्षं कोमात राहून 2000 मध्ये गेला. (नोंदवहीत तो कोणत्या वर्षी लिहाल? घटनेच्या वर्षी लिहा, मृत्यूची तारीख वेगळी.) 2017 मध्ये तिसाव्या स्मृतिदिनी नावांचं स्मारक तयार झालं, उद्घाटनही झालं, आणि त्याच दिवशी ते उचलून गोदामात ठेवावं लागलं. जागा कॅथलिक चर्चच्या न्यासाची, परवानगीचा घोळ. जागेवर बसायला 2022 उजाडलं. स्मारकाच्या एका दगडाची जागा, मालकी, मजकूर आणि तारीख एवढंच तपासलंत तरी गावात कोण कुणाशी बोलतं ते कळतं.

मानसिक आरोग्यावर लिहाल तेव्हा एक आकडा धरा: उत्तर आयर्लंडच्या पाहणीत आयुष्यात कधीतरी पीटीएसडी (आघातानंतर मागे राहणारा मानसिक विकार) झालेल्या प्रौढांचं प्रमाण 8.8 टक्के निघालं, तुलनेतल्या देशांत सर्वाधिक. तो प्रदेशाचा आहे, तुमच्या गावाचा नाही. गावासाठी ओमात 2002 मध्ये उभं राहिलेलं उपचार केंद्र पाहा. तिथे 58 रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2007 मध्ये प्रसिद्ध झाले. काहींना लगेच उपचार, काहींना बारा आठवडे प्रतीक्षा. ज्यांचा त्रास कित्येक वर्षं जुना होता त्यांनाही आघातावर बेतलेल्या संज्ञानात्मक उपचाराने फरक पडला. 'आता इतक्या वर्षांनी काय उपयोग' हे वाक्य समाजकार्यकर्त्याच्या तोंडी नको, ते यामुळे. 2021 च्या ऑगस्टअखेर सुरू झालेल्या अपंगत्व-वेतन योजनेत मात्र किमान 14 टक्के कायमचं अपंगत्व दाखवावं लागतं. मनाच्या जखमेचे तीस वर्षांपूर्वीचे कागद कुणाकडे असतात?

मुलाखती घेऊ नका. ऑनलाइन सोप्या वाटतात, पण चार महिन्यांत नीतिसमितीची परवानगीच जेमतेम मिळेल, आणि दुसरं कारण त्याहून मोठं आहे. बोस्टन कॉलेजने 2001 ते 2006 मध्ये माजी सशस्त्र कार्यकर्त्यांच्या मुलाखती, हयातीत उघड करणार नाही या हमीवर घेतल्या. 2011 मध्ये ब्रिटिश यंत्रणांनी अमेरिकी न्यायालयामार्फत त्या मागितल्या आणि काही ध्वनिफिती पोलिसांच्या हाती गेल्या. विद्यापीठाची हमी कायद्यापुढे टिकली नाही, तुमच्या संमतीपत्राची काय टिकणार! आधीच प्रसिद्ध झालेल्या साक्षी, ओम्बुड्समनचे अहवाल आणि कॉरोनरचे निकाल एवढं साहित्य पुरून उरतं.

वेळेची वाटणी अशी बसते: दोन आठवडे नोंदवही, एक आठवडा नकाशा, पाच आठवडे साप्ताहिकं, तीन आठवडे निकाल-अहवाल, उरलेले लेखन. साप्ताहिकांचे पाच आठवडे हमखास सात होतात, तेवढी जागा सोडा. गाव एकच घ्या. ओमा निवडलंत तर साहित्य भरपूर, पण सगळं एका दिवसाभोवती फिरतं, आधीची तीस वर्षं झाकली जातात. बेसब्रुक निवडलंत तर कष्ट जास्त आहेत. पण गिरणी 1972 च्या सुमारास बंद पडली, तिच्या आवारात लष्कराचा तळ बसला, आणि रस्त्यांवर सुरुंग असल्याने सैन्य हेलिकॉप्टरने ने-आण होऊ लागलं. गिरणीच्या भोंग्यावर चालणारं गाव 2007 पर्यंत त्या घरघरीखाली राहिलं. मला विचाराल तर बेसब्रुक घ्या. आणि व्हायव्हाला जाताना पहिलं पान सोबत ठेवा, पहिला प्रश्न 'म्हणजे सीआरपीएफ का?' असाच येईल.